हरवलेल्यांचा शोध : कुटुंबाचे दुःख, समाजाची जबाबदारी

(म्हैसूर येथील जयलक्ष्मीपुरम भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'शोध' हा शब्द बहुधा नोकरीच्या किंवा स्वस्त मालाच्या संदर्भात येतो. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात एक साधा विचार मांडला. ग्राहक आणखी एका दुकानात जाऊन भाव विचारतो, तेव्हा त्याचा वेळ आणि पैसा खर्च होतो. पुढच्या दुकानातून अपेक्षित असलेला लाभ या खर्चापेक्षा अधिक आहे, तोवर तो हिंडत राहतो. दोन्ही समान झाले की थांबतो. पुढे पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना बाजारपेठेतील शोधाच्या अडथळ्यांवरील कार्याबद्दल २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. रिक्त पदे आणि बेरोजगार एकाच वेळी का असू शकतात, याचे उत्तर त्यांच्या सिद्धांतात सापडते. दोन्ही बाजू एकमेकांना शोधत असतात, पण त्यांची गाठ पडत नाही.

आज हीच साधने आपण वेगळ्या विषयाला लावून पाहणार आहोत. हरवलेले मूल, बेपत्ता झालेली व्यक्ती आणि त्यांचा वर्षानुवर्षे चालणारा शोध हा तो विषय होय. येथेही एका बाजूला शोधणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला सापडलेले पण ओळख न पटलेले असतात. फरक एवढाच, की कोठे थांबावे या प्रश्नाला आईबापांकडे उत्तर नसते. खर्च कितीही वाढला तरी ते थांबू शकत नाहीत. म्हणूनच हा खर्च कोणी सोसायचा, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली. त्यांत ६२,९४६ मुली होत्या, म्हणजे चारांपैकी तीन. मागील वर्षांतील न सापडलेली मुले मिळवली असता ही संख्या १,२७,८७४ होते. त्यांपैकी ८०,५६१ मुलांचा त्या वर्षात शोध लागला आणि ४७,३१३ मुले वर्षअखेरीस बेपत्ताच राहिली. उरलेल्यांतही सुमारे ७१ टक्के मुलीच होत्या.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे प्रवाह आणि साठा यांतील भेद. वर्षात हरवलेली मुले हा प्रवाह. वर्षअखेरीस न सापडलेली मुले हा साठा. वर्षभरात हरवलेल्यांची आणि सापडलेल्यांची संख्या जवळजवळ सारखी दिसली, तरी साठा तसाच राहू शकतो. कारण या वर्षी सापडलेले मूल याच वर्षी हरवलेले असते असे नाही. वृत्तपत्रांत बहुधा प्रवाहाची चर्चा होते. साठ्यातील मुले मात्र प्रत्येक वर्षी एका वर्षाने मोठी होतात आणि त्यांचे छायाचित्र एका वर्षाने जुने होते.

दुसरी गोष्ट नोंदीची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मानवी वाहतुकीविषयी करून घेतलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरवर्षी सरासरी सुमारे ४४ हजार मुले हरवतात आणि सुमारे ११ हजारांचा शोध लागत नाही, असे म्हटले होते. त्या आकड्याशी २०२२ च्या आकड्याची तुलना करून मुले हरवण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दरम्यानच्या काळात नोंदणीचे नियमच बदलले. पूर्वी वहीत न चढणारी प्रकरणे आता चढू लागली. मोजमापातील वाढ आणि वस्तुस्थितीतील वाढ यांत भेद करणे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य आहे.

नोंदीचे अर्थकारण

डिसेंबर २००६ मध्ये उत्तर प्रदेशातील निठारी येथे मुलांचे अवशेष सापडले, तेव्हा देश हादरला. तेथील गरीब पालक त्यापूर्वी बराच काळ मुले हरवल्याचे सांगत होते. मूल हरवल्याची तक्रार गांभीर्याने न घेण्याची ही वृत्ती केवळ एका ठाण्याची नव्हती. तिच्यामागे प्रोत्साहनांची एक रचना होती. गुन्हा नोंदवला की त्या ठाण्याच्या हद्दीतील गुन्ह्यांची संख्या वाढते आणि तपासाचा भार वाढतो; 'मुलगा रागावून गेला असेल, येईल परत' असे सांगून पालकांना घरी पाठवले की कागदावर काहीच घडत नाही. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक नोंद करणाऱ्याच्या वाट्याला दूषण येते, तेथे नोंदी कमी होणारच.

सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १० मे २०१३ रोजी दिलेल्या निर्णयाने ही रचना बदलण्याचा प्रयत्न केला. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीची प्रथम खबर नोंदवावी आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली आहे असे गृहीत धरावे, असा त्याचा आशय होता. पुराव्याची जबाबदारी यामुळे बदलली. मूल पळवले गेले आहे हे सिद्ध करण्याचा भार पालकांवर राहिला नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील २०१६ च्या आदर्श नियमांनुसार चार महिन्यांत मूल न सापडल्यास तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीवरून दोन ठाण्यांत हेलपाटे घालण्यात जाणारे तास वाचवणे, हा त्याचा मोठा लाभ आहे. पहिल्या काही तासांत मूल फार दूर गेलेले नसते आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीही ताज्या असतात. नंतर दर तासाला शोधाचे क्षेत्र विस्तारत जाते.

दोन याद्या

हरवलेल्यांची एक यादी असते आणि सापडलेल्यांची दुसरी. पहिली पोलीस ठाण्यात, दुसरी बालगृहात, रुग्णालयात किंवा रेल्वे स्थानकावरच्या मदत कक्षात. शोध लागणे म्हणजे पुष्कळदा या दोन याद्यांतील दोन ओळी जुळणे एवढेच असते. मूल कोठेतरी सुरक्षित असते, पालकही जिवंत असतात, आणि तरीही दोघे वर्षानुवर्षे एकमेकांना सापडत नाहीत.

अशा याद्यांना अर्थशास्त्रात जाळ्याचा बाह्य लाभ असतो. एकाच जिल्ह्याने आपली यादी संगणकावर ठेवली तर तिचा उपयोग थोडा. सर्व जिल्ह्यांनी ठेवली तर प्रत्येक नोंदीचे मूल्य वाढते. उलट, एका बालगृहाने माहिती भरण्यात कुचराई केली तर त्याची किंमत शेकडो मैलांवरच्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून ही कामगिरी एकेकट्या संस्थेच्या इच्छेवर सोडता येत नाही. 'ट्रॅक चाइल्ड' ही राष्ट्रीय संगणकीय व्यवस्था आणि २०१५ मध्ये सुरू झालेले, नागरिकांनाही माहिती देता येईल असे 'खोया-पाया' संकेतस्थळ यांमागे हाच विचार होता. पुढे मिशन वात्सल्य या योजनेखाली या व्यवस्था एकत्र आणण्यात आल्या.

कायद्यानेही दुसऱ्या यादीला बळ दिले आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ नुसार पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास त्याची माहिती २४ तासांत देणे बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सापडलेले मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पालकांचा शोध लागला नाही, तर दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे मूल चार महिन्यांत दत्तक देण्यास मोकळे घोषित करण्याची तरतूद आहे. मुलाला संस्थेत अनंतकाळ पडून राहू न देणे हा तिचा हेतू योग्यच आहे. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या : या मुदतीत दोन याद्या जुळल्या नाहीत, तर मुलाला नवे घर मिळेल आणि जुने घर त्याला शोधतच राहील. वेळेवर नोंद न करणाऱ्या लिपिकाच्या हाती एवढे काही असते.

रेल्वे हा या याद्यांमधील मोठा दुवा आहे. रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ पासून सुमारे सात वर्षांत 'नन्हे फरिश्ते' या मोहिमेखाली ८४,११९ मुलांची सुटका केल्याचे जुलै २०२४ मध्ये शासनाने सांगितले. १०९८ या क्रमांकाची हाक १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाज विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली होती. २०२३ मध्ये तिची यंत्रणा ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडण्याचे काम सुरू झाले.

एकशे सहासष्टावी नोंद

मुंबईच्या अंधेरी भागातील डी. एन. नगर पोलीस ठाण्यात २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या नोंदी झाल्या. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १६५ मुली शोधून काढल्या. उरली ती एक. सात वर्षांची ही मुलगी २२ जानेवारी २०१३ रोजी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली होती. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे वेतन, अधिकार आणि गणवेश गेला. शोध मात्र त्यांनी सोडला नाही.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ही मुलगी आपल्या आईला भेटली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मधल्या काळात तिला काही वर्षे कर्नाटकातील रायचूर येथे ठेवण्यात आले होते. पण सापडली तेव्हा ती आपल्या मूळ घरापासून फार दूर नव्हती, अंधेरी परिसरातच राहत होती. तिची सुटका झाली ती तिच्याच प्रयत्नाने आणि एका घरकाम करणाऱ्या बाईच्या मदतीने. मोबाईलवर स्वतःचे नाव शोधताना तिला हरवल्याचे जुने पत्रक दिसले. त्यावर पाच दूरध्वनी क्रमांक होते. त्यांपैकी चार बंद पडले होते. एक, शेजाऱ्याचा, चालू होता.

या घटनेत धोरणाच्या विद्यार्थ्याला तीन धडे मिळतात. १६६ पैकी १६५ म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक यश. कोणत्याही कार्यमूल्यमापनात हा आकडा उत्तम ठरेल आणि फाईल बंद करण्यास पुरेसे समर्थन देईल. पण त्या एका घरापुरते यशाचे प्रमाण शून्य होते. सरासरीने समाधान मानणारी व्यवस्था शेवटच्या प्रकरणाला विसरते. दुसरा धडा असा, की शोध एका माणसाच्या निष्ठेवर टिकला. ती निष्ठा वंदनीय आहे. पण निवृत्तीनंतर पुढचा अधिकारी तितक्याच आस्थेने ती फाईल उघडेल, याची हमी व्यवस्थेने द्यायला हवी. तिसरा धडा पत्रकावरच्या क्रमांकांचा. गरीब कुटुंबाचा क्रमांक बदलतो, खोली बदलते, गाव बदलते. त्यामुळे हरवल्याच्या पत्रकावर कधीही न बदलणारा संस्थेचा क्रमांक असणे आवश्यक आहे. चार मृत क्रमांकांऐवजी पाच झाले असते तर काय घडले असते, याचा विचार करून पाहावा.

भाषा हाही पत्ता

आपण म्हैसुरात बसलो आहोत. येथून काही तासांच्या प्रवासात केरळ आणि तामिळनाडूची हद्द लागते. दसऱ्याच्या मिरवणुकीला लोटणाऱ्या गर्दीत कन्नड, तेलुगू, मल्याळम, तमिळ, मराठी, हिंदी बोलणारी कुटुंबे असतात. लहान मुलाला पिनकोड सांगता येत नाही. पण ते जे बोलते तोच त्याचा पत्ता असतो. बीदरकडची मराठी आणि कोकणातली मराठी यांतला फरक जाणकार कान ओळखतो. भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून याच शहरात आहे. देशातील भाषाज्ञान आणि बालगृहांतील मुले यांची सांगड घातली गेली, तर कित्येक मुलांच्या घराची दिशा पहिल्याच आठवड्यात कळू शकेल.

सरू ब्रायर्ली यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. खांडवा येथील हा पाच वर्षांचा मुलगा १९८६ मध्ये बुऱ्हाणपूर स्थानकावरून गाडीत बसून कोलकात्यास पोहोचला. आपल्या वस्तीचे नाव तो सांगत होता. पण बालउच्चारामुळे ते कोणालाच ओळखता आले नाही. वर्षभरात तो ऑस्ट्रेलियातील टास्मानियात दत्तक गेला. मोठेपणी त्याने उपग्रह छायाचित्रांवरून शोध सुरू केला. प्रवासाचा अंदाजे काळ आणि गाडीचा अंदाजे वेग यांवरून कोलकात्याभोवती एक वर्तुळ कल्पून तो लोहमार्गांच्या कडेने स्थानके पाहत गेला. २०११ मध्ये त्याला बुऱ्हाणपूरची ओळख पटली आणि २०१२ मध्ये आई भेटली. त्याच्याजवळ माहिती पहिल्या दिवसापासून होती. ती समजून घेणारा कान नव्हता. त्या उणिवेची किंमत सुमारे पंचवीस वर्षे होती.

तंत्रज्ञान : आशा आणि मर्यादा

२०२१ मध्ये नागपुरात एक विलक्षण जुळणी घडली. सुमारे दहा वर्षांपूर्वी रेल्वे स्थानकावर सापडलेला, स्वतःविषयी नीट सांगू न शकणारा मुलगा तेथे एका कुटुंबाने सांभाळला होता. शाळेसाठी आधार नोंदणी करताना ती वारंवार फेटाळली गेली. चौकशीअंती कळले, की त्याच्या बोटांचे ठसे जबलपूर येथे आधीच नोंदलेले आहेत. अशा रीतीने त्याचे पालक सापडले. मात्र पाच वर्षांखालील मुलांचे ठसे आधारमध्ये घेतले जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

चेहरा ओळखणाऱ्या संगणक प्रणालीची कथा अधिक संमिश्र आहे. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी प्रायोगिक वापरात चार दिवसांत सुमारे तीन हजार मुलांची ओळख जुळल्याचे सांगितले. पुढे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढील सुनावणीत हीच प्रणाली मुलगा आणि मुलगी यांतही फरक करू शकत नसल्याचे समोर आले. चुकीची जुळणी ही निरुपद्रवी चूक नव्हे; मूल भलत्याच हाती जाऊ शकते.

गुणसूत्रीय तपासणीचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या मुलांच्या आज्यांनी १९७७ पासून शोध चालवला. तेथे १९८७ मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहितीकोश कायद्याने स्थापन झाला आणि आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्तींसाठी स्वतंत्र सूचीची तरतूद होती. ते विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. गोपनीयतेविषयीच्या शंका रास्त होत्या. तरी गुन्हेगारांची सूची आणि हरवलेल्यांची सूची या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या मुलाच्या शोधासाठी स्वेच्छेने नमुना देणाऱ्या आईच्या माहितीला कठोर संरक्षण देणारी वेगळी, मर्यादित व्यवस्था विचारात घेण्यासारखी आहे.

शोध कधी थांबावा

बेपत्ता प्रौढांच्या बाबतीत कायदा सात वर्षांची रेषा आखतो. सात वर्षे ज्याची वार्ता नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १०८ मधील हे तत्त्व आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. या सात वर्षांत घर मात्र चालवावेच लागते. विमा, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरील वारसनोंद, सारे अडून राहते आणि बहुधा त्याचा भार स्त्रीवर येतो.

आपत्तीत ही मुदत अन्यायकारक ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले आणि चौथ्या दिवशी शोधकार्य थांबवले गेले, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. म्हैसूरच्या शेजारच्या वायनाडमध्ये जुलै २०२४ च्या भूस्खलनानंतर गुणसूत्रीय तपासणीने अनेकांची ओळख पटवण्यात आली आणि न सापडलेल्यांना मृत घोषित करण्याचा निर्णय केरळ शासनाने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. अशा वेळी सात वर्षे न थांबता प्रमाणपत्र देणे हीच माणुसकी होय. पण हरवलेल्या मुलाच्या बाबतीत तोच नियम लावता येणार नाही. तेथे मदत लवकर मिळावी आणि शोध मात्र चालू राहावा. या दोन निर्णयांची गाठ एकमेकांशी बांधण्याचे कारण नाही.

समारोप

मित्रहो, शोधाचा खर्च आज मुख्यतः कुटुंब उचलते : बुडालेली मजुरी, गावोगावचा प्रवास, विकलेली जमीन किंवा दागिना. ज्याच्याजवळ विकायला काही नाही, त्याचा शोध लवकर संपतो. म्हणजे मूल सापडण्याची शक्यता बापाच्या ऐपतीवर ठरते. कल्याणकारी राज्यात हे मान्य होण्यासारखे नाही.

यासाठी प्रचंड निधी लागतो असेही नाही. नोंद करणाऱ्या ठाण्याला वाढत्या आकड्याबद्दल दूषण न देणे; प्रत्येक बालगृहाची यादी चोवीस तासांत अद्ययावत असणे; भाषा ओळखणाऱ्याची मदत मिळणे; जुन्या प्रकरणांचा ठरावीक काळाने आणि नव्या अधिकाऱ्याकडून फेरआढावा होणे; आणि पालकांना वर्षातून किमान एकदा, त्यांनी न विचारता, तपासाची स्थिती कळवणे, या गोष्टी मुख्यतः प्रशासकीय शिस्तीच्या आहेत.

तुमच्यापैकी काही जण उद्या तहसीलदार, पोलीस उपअधीक्षक किंवा जिल्हा बाल संरक्षण अधिकारी व्हाल. तुमच्या टेबलावर जुन्या फाईली येतील. त्यांपैकी एखादीवर 'शोध लागला नाही' असा शेरा असेल. तो शेरा आहे, निर्णय नव्हे. त्या फाईलवरचा दूरध्वनी क्रमांक अजून चालू आहे का, एवढे तरी पाहून घ्या. चालू नसेल, तर नवा मिळवून त्यावर लिहा.